चंपाकळीच्या पोटाखालून

१

आमच्या दोन बैलगाड्या कोलशेतच्या खाडीकाठी थांबल्या, तेव्हा हत्तींकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळा गाव दाजी कोळ्याच्या होडीभोवती जमला होता. होडी चिखलावर ओढून ठेवलेली होती आणि तिच्यात एक पागोटं पडलं होतं. नीट बांधलेलं, कोरडं, हिरव्या काठाचं. ते गोविंदा माहुताचं होतं, आणि गोविंदा पहाटेपासून बेपत्ता होता.

मी प्रभाकर, ठाण्याच्या कचेरीतला कारकून. हत्ती मला चित्रात आवडतो. पण माझी थोरली बहीण गोदाताई ठाण्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण. नवरा गेल्यावर पुण्याला जाऊन शिकली, आणि तेव्हापासून तिला कुणी नाही म्हणालेलं मी ऐकलं नाही. ही गोष्ट १८८४ सालची. मुलगी शाळेत धाडायलाच तेव्हा लोकांच्या जिवावर यायचं. ताईनं तर आठ मुलींना हत्तींचा तळ दाखवायचा घाट घातला. सोबत पुरुषमाणूस हवा म्हणून मला गाडीत घातलं. आम्ही निघालो तेव्हा येऊरच्या डोंगरामागे वाटोळा चंद्र मावळत होता. मी आणि बैल दोघंही डुलक्या घेत होतो.

हत्ती घाटावरच्या एका संस्थानिकाचे. काठेवाडातल्या सोयऱ्यांना आहेर म्हणून ते गलबतानं जायचे होते. माळशेज घाट उतरून आठ दिवसांपूर्वी कोलशेतला आले, आणि गलबताची वाट बघत राहिले. निघाले चार, पोचले तीन. चौथा, भोला नावाचा म्हातारा हत्ती, घाटात दरीत पडून मेला होता.

"बाई, तुम्ही पोरींना घेऊन परत फिरा," गावचे पोलीस पाटील गोमाजी ताईला म्हणाले. "दाजीला मी चावडीत कोंडलाय. परवा हत्तीनं त्याची जाली तुडवली, तेव्हा सगल्या गावादेखत त्यानं गोविंदाला खाडीत बुडवीन म्हनून दम दिला व्हता. आता ठाण्याहून शिपाई आले की त्याला घेऊन जातील."

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली आणि तिनं ताईचा हात धरला. ती दाजीची आई, आवडाबाई.

"बाय, माझा पोरगा तोंडाचा वंगाल हाय, हाताचा नाय," ती म्हणाली. "तू शिकलेली हायस. तुझा ऐकतील."

ताईनं हात सोडवून घेतला नाही. मला तेव्हाच कळलं की आज आपण दुपारच्या जेवणाला घरी पोचत नाही.

२

तळाचा मुख्य होता मानाजी जमादार. उंच, पिळदार मिशांचा, बोलायला गोड. तो आमच्याकडे हात जोडून आला.

"मास्तरीणबाई, झालं ते वाईट झालं. पण लेकरं एवढ्या लांबून आलीत, त्यांना हिरमुसली करून धाडू नका. चंपाकळी गरीब आहे. तिच्या पोटाखालून मुलींना काढा, वर्षभर दृष्ट लागायची नाही."

हत्तीच्या पोटाखालून पोर काढलं की त्याची भीती जाते, असं आपल्याकडे म्हणतात. मुलींनी तेवढ्यासाठीच चार दिवस घरात धरणं धरलं होतं. ताईनं मान डोलावली. पण चालता चालता तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "गोविंदाला शेवटचं कुणी पाहिलं?"

"मीच, बाईसाहेब. काल रात्री जेवताना. सकाळी उठून बघतो तर अंथरूण मोकळं."

"आणि हत्ती?"

"कालच्या संध्याकाळपासून साखळीला आहेत. एकाचीही साखळी सुटली नाही." त्यानं सुस्कारा टाकला. "खरं सांगू का? आज दोन वाजता संस्थानचे कारभारी येतायत, भोला कसा मेला त्याची चौकशी करायला. गोविंदानं दारूच्या नशेत त्याला दरीत घातला. मी तसं लिहून कळवलंय. मला वाटलं, भिऊन पळाला असेल. पण आता पागोटं सापडलं म्हटल्यावर काय बोलणार?"

दोन हत्ती झाडाखाली अंगावर धूळ उडवत उसाचे वाढे खात होते. तिसरी चंपाकळी. ती मात्र स्वच्छ धुतलेली, पाय कसे काळे कुळकुळीत. तिच्यापुढचा चारा तसाच पडला होता. ती खाडीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे दोन्ही कान सुपासारखे पसरलेले होते.

"ही खात का नाही?" सगळ्यात धाकट्या उत्तरानं विचारलं.

"माहूत नाही ना तिचा," जमादार म्हणाला. "जनावराला माया असते."

उत्तर पटण्यासारखं होतं. तरी ताई बराच वेळ चंपाकळीच्या कानांकडे बघत राहिली.

३

एकेक मुलगी डोळे मिटून, देवाचं नाव घेत चंपाकळीच्या पोटाखालून पलीकडे पळाली. उत्तरा दोनदा गेली. मला कुणी विचारलं नाही, त्याबद्दल मी देवाचे आभार मानले. शेवटी राहिली मालन. बारा वर्षांची, वर्गात सगळ्यात उंच आणि सगळ्यात ताठ. "मी वाकणार नाही," म्हणाली, आणि खरंच न वाकता गेली. चंपाकळीच्या पोटाला तिचं डोकं घासलं.

"बाई, माझी वेणी गेली," पलीकडून तिचा रडवेला आवाज आला.

आईनं माळून दिलेली पांढऱ्या शेवंतीची वेणी काळी झाली होती. मी म्हणालो, हत्तीचा मळ असेल, तळ्यावर धुऊन टाकू. ताईनं वेणी हातात घेतली, बोटांनी चोळली आणि नाकाशी धरली. मग ती माझ्या नाकाशी आणली. ओहोटीच्या वेळी खाडीकाठी येतो तो कुजका, खारट वास.

"प्रभाकर, हत्तींना आंघोळ कुठे घालतात?"

"गावच्या तळ्यावर. जमादारच म्हणाला."

"आणि तळ्याची माती कसली आहे?"

मी माझ्या धोतराकडे पाहिलं. येताना तळ्याकाठी बैलांना पाणी पाजलं, तेव्हा ते तांबडं झालं होतं.

ताई माझ्याशी बोलत होती, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला घाबरलेलं मी क्वचितच पाहिलंय, म्हणून मलाही आता भीती वाटायला लागली, आणि ती हत्तींची नव्हती.

"मुलींना आवडाबाईंच्या ओटीवर बसव," ती म्हणाली. "आणि किती वाजले ते बघ."

माझ्या घड्याळात साडेनऊ झाले होते.

४

चारा कापणारा बाळा एका झाडाखाली गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तो गोविंदाच्या शेजारी झोपायचा. गोविंदाच्या जागी माहूत व्हायची त्याला हौस होती, असं गावात कुणीतरी कुजबुजलंही होतं. म्हणून असेल, ताईनं प्रश्न विचारताच तो अंग चोरून उभा राहिला.

"मी अंधारातच केळीचे खुंट आणायला गेलेलो, बाई. बाळकूमच्या वाटेला. परत आलो तेव्हा चांगलं उजाडलेलं."

"आल्यावर काय दिसलं?"

"काही नाही. जमादार चंपाकळीला धूत होते. घाईघाईनं, तळ्याच्या पाण्यानं."

"ते रोज धुतात?"

हसू आवरेना म्हणून बाळा खाली बघू लागला. "जमादार? दहा वर्षांत त्यांना बादली उचलताना पाहिलं नाही मी. म्हणाले, शाळेच्या पोरी यायच्यात."

चावडीत दाजी गजांना धरून उभा होता. चाळिशीचा, रापलेला, डोळे लाल. ताईला बघून त्यानं तोंड फिरवलं.

"मी बोललू व्हतू बुडवीन म्हनून. रागान बोललू. तीन म्हयने बसून आईनं नि मी ती जाली विनली व्हती."

"पागोटं तुझ्या होडीत कसं आलं?"

"मना काय ठाव. होडी रातच्यान वर वढलेली हाय. पानी उतरला तेव्हापासून तिच्या बुडाखाली नुसता चिखल. तिच्यात बसून कुनाला बुडवायला नेऊ मी?"

"मग हे पाटलांना का नाही सांगितलंस?"

"सांगितला," दाजी म्हणाला. "कोन ऐकतंय? दम दिला मी, पागोटा सापडला माझ्याकं. झाला."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण माझ्या मनात अजून एक शंका होती, आणि मी ती बोलून दाखवली. जमादारानं चंपाकळीला खाडीत नेलं हे कळलं. तो खोटं बोलला हेही कळलं. पण म्हणून गोविंदाचं काय झालं? गाळात पुरला असेल तर आपण काय करणार?

"पुरला नाही," ताई म्हणाली. "तो जिवंत आहे. चंपाकळी त्याचं ओरडणं ऐकते आहे."

"कशावरून?" मी विचारलं.

"वारा कुणीकडून आहे बघ. जमिनीवरून खाडीकडे. आपल्याला काही ऐकू यायचं नाही. पण हत्तीचे कान म्हणजे काही तुझे-माझे कान नव्हेत. ती सकाळपासून एकाच दिशेला कान लावून उभी आहे." तिनं पाटलांकडे वळून विचारलं, "पाटील, समोर खाडीत ते तिवराच्या झाडांचं बेट आहे, तिकडे ओहोटीला पायी जाता येतं?"

"नाय हो बाई. मानूस गल्यापर्यंत रुतल."

"हत्ती?"

पाटील थबकले. "हत्ती जाईल. चार हात चिखलाखाली खडक हाय. पोटापर्यंत माखल, पन जाईल."

"मग आता मला एवढंच सांगा. आज पौर्णिमा. उधाणाचं पाणी. ते बेट राहतं का?"

गोमाजी पाटलांनी तिला भरतीच्या वेळा हळू आवाजात सांगितल्या. मग ते चावडीच्या किल्ल्या काढायला लागले.

५

"दाजीला सोडायच्या आधी जमादाराला बोलवा," ताई म्हणाली. "बेट मोठं आहे, तिवरं दाट आहेत. नेमकी जागा तोच सांगेल. शोधत बसायला वेळ नाही."

मानाजी जमादार आला. चावडीपुढे अर्धा गाव होता. ताईनं मालनची काळी वेणी त्याच्यापुढे धरली.

"हा खाडीचा गाळ चंपाकळीच्या पोटाला आहे. पाय आणि कुशी तुम्ही धुतल्यात, पोटाखाली हात घालायला वेळ मिळाला नाही. साखळी सुटली नाही म्हणालात, तर गाळ कुठून आला?"

"बाईमाणसानं हत्तीबद्दल मला शिकवावं?" जमादार हसला. पण हसताना तो चंपाकळीकडे बघत होता.

"मी शिकवत नाही. मी सांगते, तुम्ही फक्त ऐका. गोविंदा दोन वाजता कारभाऱ्यांना खरं सांगणार होता. तेवढा वेळ तो तळावर नको होता. पहाटे ओहोटी होती. तिवराचा पाला आणू म्हणून तुम्ही त्याला चंपाकळीवर बसवून बेटावर नेलंत. तो पाला कापायला उतरला आणि तुम्ही हत्ती घेऊन परत आलात. काठीसुद्धा उगारावी लागली नाही. पागोटं त्यानं कामासाठी काढून हत्तीवर ठेवलं असेल, ते तुम्ही दाजीच्या होडीत टाकलंत. गाव दाजीच्या मागे लागला. कारभारी निघून गेले की संध्याकाळी गोविंदाला आणणार होतात, की नव्हतात, ते देव जाणे."

"सगळ्या कल्पना," जमादार म्हणाला.

"असतील. मग तुम्हाला काही वाटायला नको. अकरापासून बेटावर पाणी चढतं, दीड वाजता तिथे पुरुषभर पाणी असतं. गोविंदाला पोहता येत नाही, हो ना?"

मी त्या माणसाचा चेहरा विसरलेलो नाही. आधी तो ताईकडे, मग पाटलांकडे, मग सगळ्या कोळ्यांकडे बघत गेला, कुणीतरी हे खोटं म्हणेल म्हणून.

"बेट कसं बुडेल?" तो म्हणाला. "आठ दिवस मी रोज बघतोय. भरती असो, ओहोटी असो, कोरडं असतं."

मग आवडाबाई म्हणाली, "अष्टमीला आलास तू. अष्टमीला पानी मेलेलं असतं, मेल्या. तुझे घाटावर पानी एकाच जागी ऱ्हातं. आमचे पानी चंद्राबरोबर चढतं."

जमादार खाली बसला. त्याला ताईनं नाही, खाडीनं पकडलं. तो खून करणारा माणूस नव्हता असं मी म्हणतो. ताईला ते मान्य नाही. ती म्हणते, ज्यानं दुसऱ्याच्या होडीत पागोटं टाकलं, त्याच्या दयेवर आपण भरवसा ठेवू नये.

"पलीकडच्या अंगाला," तो तोंड झाकून म्हणाला. "जिथं गवत आहे तिथं."

माझ्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

६

कुलूप निघालं. दाजी बाहेर आला आणि उभा राहिला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, पण त्याला 'जा' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ज्या गावानं सकाळी त्याला कोंडलं, त्या गावानं आता त्याला कुठल्या तोंडानं सांगावं?

ताईनंच विचारलं. "दाजी, दुसरं कुणी जाईल?"

"तिवरातली वाट दुसऱ्याला ठाव नाय," दाजी म्हणाला. त्यानं आईकडे बघितलं. आवडाबाईनं हातानं त्याला होडीकडे ढकललं, शाळेत न जाणाऱ्या पोराला ढकलतात तसं. "जा रं. त्याला बी आय असल."

पाणी तोवर होडीखाली आलं होतं. दाजी आणि आणखी दोघं वल्ही मारत निघाले, आणि बेटाला वळसा घालून दिसेनासे झाले.

मग आम्ही वाट बघितली. असली वाट माझ्या वैऱ्यालाही बघायला लागू नये. तिवरांचे बुंधे आधी दिसत होते, मग फांद्या, मग नुसता पाला. ताई पाण्याच्या अगदी कडेला उभी होती आणि पाणी तिच्या पावलांवर आलं तरी मागे सरत नव्हती. उत्तरानं माझं बोट धरून ठेवलं होतं. बाळा चारावाला मोठ्यानं रामरक्षा म्हणत होता, तीही चुकीची. चंपाकळीनं एकदम साखळीला हिसडा दिला आणि गळा काढला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. बारा वाजून गेले होते.

"होडी," मालन म्हणाली. ती सगळ्यात उंच, तिलाच आधी दिसली.

होडीत तीन डोकी होती. मी तीनदा मोजली. आवडाबाई मटकन खाली बसली. मग होडी जवळ आली, आणि दाजीच्या पायांशी ओल्या घोंगडीचं एक गाठोडं दिसलं, आणि ते गाठोडं खोकलं.

गोविंदा एका तिवराला मिठी मारून उभा होता. पाणी गळ्याशी आलं होतं. हात ताठरलेले, मिठी सुटेना, तेव्हा दाजीनं फांदीच कोयत्यानं तोडली आणि फांदीसकट त्याला होडीत घेतलं. हे नंतर इतर दोघांनी सांगितलं. गोमाजी पाटलांनी दाजीपुढे हात जोडले, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली आणि होडीतलं पाणी उपसायला लागला.

ठरल्याप्रमाणे दोन वाजता कारभारी आले. त्यांच्यापुढे जमादार मान खाली घालून बसला होता, पण त्याचा कागद त्यांच्या हातात होता, आणि त्यात लिहिलं होतं की गोविंदा दारुडा आणि भोला त्याच्या पापानं मेला. एकदा हे संस्थानच्या दप्तरात चढलं की गोविंदाला पुन्हा कुणी हत्तीजवळ उभं करणार नव्हतं. कारभारी म्हणाले, "बोल. तुझं काय म्हणणं आहे?"

गोविंदानं तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. पहाटेपासून ओरडून ओरडून त्याचा घसा पार गेला होता. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, डोळ्यांतून पाणी आलं, शब्द मात्र नाही. कारभारी कागदाकडे बघायला लागले. मला वाटलं, एवढं सगळं होऊन हा गेला.

दाजी होडीजवळून उठला. ओल्या अंगानं येऊन गोविंदाच्या शेजारी मांडी घालून बसला आणि त्यानं आपला कान त्याच्या तोंडाशी नेला.

"म्हनतो, भोलाचा पाय सुजला व्हता," खाडीवर हाक घालायच्या आवाजात दाजी बोलला. "म्हनतो, घाटाच्या वर दोन दिवस थांबू म्हनून जमादाराच्या पाया पडलू. तीन वेला सांगितला. म्हनतो, जमादारानं ऐकला नाय, मुहूर्त चुकल म्हनाला. म्हनतो, दारू मी आयुष्यात पिली नाय, बाळाला इचारा."

बाळानं जोरानं मान हलवली. गोविंदा परत दाजीच्या कानाशी लागला.

"म्हनतो, भोला वळणावर बसला. उठना. जमादारानं अंकुश मारला. तो उठला नि त्याचा तोच पाय कडेवरून गेला. म्हनतो, पडताना त्यानं माझ्याकडं..."

दाजी थांबला.

"पुढे?" कारभाऱ्यांनी लेखणी टेकवली. "पुढे काय म्हणतो तो?"

"पुढं रडतोय, साहेब," दाजी म्हणाला. "ते मी कसा सांगू?"